पॅरिसची ‘प्रेम आणि राजकारण’ पायी सहल: साताऱ्याच्या एका वकीलबाईंचा अभिप्राय

आधी पैशाचं. माणशी ३८ युरो. रुपयांत साडेतीन हजारांच्या वर गेले, आणि त्यात चहाही नाही. भाचीने माझ्या वाढदिवसाला म्हणून तिकीट काढलं होतं, त्यामुळे मला जीभ आवरावी लागली. तुम्ही स्वतःच्या खिशातून भरणार असाल तर आकडा आधी कळलेला बरा. सहल इंग्रजीत, वेळ साडेतीन तास, आमचा गट अकरा जणांचा, चालणं सगळं मिळून चार किलोमीटरच्या आत. विषय: फ्रेंच लेखक-लेखिका, त्यांची प्रेमप्रकरणं आणि त्या प्रकरणांच्या मागे लागलेलं सरकार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि निवृत्तीनंतर स्वतःच्याच अब्रुनुकसानीच्या नोटिशीला उत्तर लिहीत बसायची मला हौस नाही.

मी एकतीस वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली केली. निम्म्याहून जास्त कामं घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा यांची. निघताना भाची म्हणाली, “मावशी, तिथे तरी उलटतपासणी घेऊ नकोस हं.” मी हो म्हटलं आणि तासभर पाळलं.

सुरुवात सकाळी दहाला, पाले-रॉयाल या जुन्या राजवाड्याच्या चौकात. इथे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे २६० खांब आहेत, ब्युरेन नावाच्या कलाकाराने १९८६ साली उभे केलेले. काही अगदी गुडघ्याएवढे, त्यावर पोरं चढून फोटो काढत असतात. आमचा मार्गदर्शक तिशीतला, साहित्यातली पीएचडी अर्धवट सोडलेला (हे त्यानेच सांगितलं), इंग्रजी स्वच्छ. त्याने आम्हाला आत बागेत नेलं, कमानींखाली उभं केलं आणि विचारलं, अडीचशे वर्षांपूर्वी पोलिसांना इथे का शिरता येत नव्हतं?

जागा ऑर्लेआंच्या ड्यूकची होती, म्हणजे राजाच्या भाऊबंदाची. १७८० च्या दशकात त्याने बागेभोवती या इमारती बांधून गाळे भाड्याने दिले. त्याच्या परवानगीशिवाय पोलीस आत पाय टाकू शकत नसत. मग काय, जुगार आला, कॉफीघरं आली, वेश्या आल्या आणि बंदी असलेली पुस्तकंही आली. त्या काळच्या पुस्तकविक्यांचा बंदीच्या मालासाठी एक धंद्याचा शब्द होता: ‘तत्त्वज्ञानाची पुस्तकं’. ऑर्डरच्या पत्रात तोच लिहायचा. या शब्दात धर्मावर टीका करणारे ग्रंथ बसत, राणीच्या बदनामीची चोपडी बसत आणि निव्वळ चावट कादंबऱ्याही बसत. मला हे फार आवडलं, कारण सरकारचीही वर्गवारी तीच होती. देव, राजा आणि शेजघर, तिन्हींबद्दलचा गुन्हा एकाच पोत्यात. १७४९ साली तत्त्ववेत्त्या दिदरोला व्हॅंसेनच्या किल्ल्यात कोंडलं, तेव्हा त्याच्याकडून नास्तिक लेखनाची आणि एका चावट कादंबरीची कबुली बरोबरच घेतली. पुढे १२ जुलै १७८९ ला याच बागेत काम्यी देमुलँ नावाचा क्रांतिकारक कॉफीघराच्या टेबलावर चढला आणि लोकांना शस्त्रं उचलायला सांगितलं. दोन दिवसांनी बास्तीयचा तुरुंग पडला. चावट पुस्तकं विकत घ्यायला येणारी गर्दी आणि क्रांती करायला येणारी गर्दी एकाच बागेतली, हे मार्गदर्शकाने कुठेही पाल्हाळ न लावता दाखवलं. इथे त्याला पूर्ण गुण.

याच बागेच्या वरच्या अंगाला लेखिका कोलेत राहायची. रस्ता ब्योजोले, घर नंबर ९, पाटी आहे. तिची गोष्ट मात्र ऐकून घ्याच, कारण ती मी साताऱ्यात शंभरदा ऐकली आहे. तिच्या पहिल्या कादंबऱ्या नवऱ्याच्या नावाने छापल्या गेल्या. नवरा ‘विली’ या टोपणनावाने धंदा करायचा, लिहायची ही. कादंबऱ्या तुफान खपल्या आणि पुढे त्याने त्यांचे हक्क परस्पर विकून टाकले. फ्रान्सच्या कायद्यात नवरा सांगेल ते बायकोने ऐकायचं, असं १८०४ च्या नागरी संहितेत शब्दशः लिहिलेलं होतं, कलम २१३. बायकोला स्वतःची मजुरी स्वतः खर्च करण्याचा हक्क मिळाला तो १९०७ च्या कायद्याने. माझ्या एका अशिलाची शिलाईची चार यंत्रं होती, कारागीर तिने शिकवलेले, गिऱ्हाईक तिचं, आणि दुकानाचा परवाना नवऱ्याच्या नावावर. यंत्रं तिचीच हे सिद्ध करायला सहा वर्षं गेली. शेवटी कामाला आली ती तिच्या हाताने लिहिलेली मापांची वही. कोलेतच्याही वह्या होत्या, म्हणाला मार्गदर्शक. हस्ताक्षर तिचं.

त्याच १९०७ च्या जानेवारीत कोलेत मूलां रूझ या नाचगाण्याच्या थिएटरच्या रंगमंचावर उतरली. सोबत तिची मैत्रीण, मोर्नी घराण्यातली, पुरुषी कपड्यांत वावरणारी, सगळे ‘मिसी’ म्हणत. नाटुकल्यात दोघींनी चुंबन घेतलं आणि प्रेक्षागृहात दंगा झाला. पोलीस प्रमुखाने प्रयोगावर गदा आणली. लोकांना राग चुंबनाचा होता की उमरावांच्या घरातली बाई नाटकात आली याचा, हे सांगणं अवघड. मिसीचा बाप सम्राट तिसऱ्या नेपोलियनचा सावत्र भाऊ. आता शेवट बघा: १९५४ मध्ये कोलेत वारली, तेव्हा सरकारने याच पाले-रॉयालच्या चौकात शासकीय इतमामाने निरोप दिला, असा मान मिळालेली फ्रान्समधली पहिली बाई. आणि चर्चने धार्मिक विधी नाकारला, कारण दोन घटस्फोट.

इथवर मी गप्प होते. पुढचा थांबा सॅं-रॉक चर्चच्या बाजूची बोळ.

बोळ म्हणजे खरोखरच बोळ. दोन माणसं छत्री उघडून समोरासमोर आली तर एकाने मागे सरकावं. आम्ही अकराजण भिंतीला चिकटून उभे. इथे ५ जुलै १८४५ ला व्हिक्टर ह्यूगो एका विवाहित बाईबरोबर रंगेहाथ सापडला. नवऱ्यानेच पोलीस आणले होते. आणि गंमत अशी की ह्यूगो याच वर्षी एप्रिलमध्ये सरदारसभेचा, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचा, सदस्य झाला होता, राजाच्या हुकमाने. सरदारावर खटला चालवायचा तर तो फक्त सरदारसभेतच चालवता येई. ह्यूगोने आपला दर्जा सांगितला आणि पोलिसांनी त्याला जाऊ दिलं. मार्गदर्शकाने हे हातवारे करून छान रंगवलं. सगळा गट हसला, भाचीही हसली.

मी विचारलं, “आणि तिचं काय झालं?”

भाचीने आकाशाकडे पाहिलं.

त्याला माहीत होतं, हे त्याच्या बाजूने नोंदवते. त्याने टाळाटाळ केली नाही. तिचं नाव लेओनी दोने, चित्रकार ब्यारची बायको. तिला सॅं-लाझारच्या तुरुंगात टाकलं, वेश्यांना ठेवत त्या तुरुंगात. तिथून पुढे मठात. मी म्हटलं, कलम? त्याला कलम ठाऊक नव्हतं, ते मी घरी येऊन काढलं. १८१० ची दंडसंहिता. व्यभिचारी बायकोला तीन महिने ते दोन वर्षं कैद, तक्रार फक्त नवऱ्याने करायची, आणि नवऱ्याने परत घरात घेतलं की शिक्षा थांबणार. नवऱ्याचा व्यभिचार गुन्हा ठरायला मात्र त्याने ठेवलेली बाई राहत्या घरातच आणून ठेवलेली असावी लागे, आणि तेव्हाही फक्त दंड. फ्रान्समध्ये हा गुन्हा पुस्तकातून गेला १९७५ साली. आपलं ४९७ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केलं. आपल्याकडे बाईला शिक्षा नव्हती हे खरं, पण नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही, हेही त्याच कलमात होतं. म्हणजे बायको ही मालमत्ता. तिथे मालालाच शिक्षा, इथे माल उचलणाऱ्याला.

बाकीचं त्याने मी न विचारता सांगितलं, आणि बोळात उभ्या असलेल्या लोकांचे चेहरे बदलत गेले. लेओनी १८३९ मध्ये, जेमतेम विशीत, सरकारी मोहिमेच्या जहाजावरून स्पिट्सबर्गेनला गेली होती, उत्तर ध्रुवाच्या बाजूला, बर्फात. जहाजावर ती एकटी बाई. तुरुंग वगैरे झाल्यावर १८५४ मध्ये तिने त्या प्रवासाचं पुस्तक छापलं. आणि ह्यूगो? तो १८४५ च्याच नोव्हेंबरात एक कादंबरी लिहायला बसला, जी पुढे ‘ले मिझेराब्ल’ झाली. सतरा वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीत पोलिसांच्या आणि कायद्याच्या तावडीत सापडलेल्या एका बाईची गोष्ट आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. लेओनीशी तिचा किती संबंध हे मी ठरवणार नाही, पुरावा नाही.

माझी पहिली तक्रार हीच. तुम्हाला एवढं माहीत असताना मुळात विनोद ह्यूगोचा का सांगता? कुणी विचारलं नसतं तर गट हसत पुढे गेला असता.

दुसरी तक्रार यंत्राची. कानात घालायला छोटा स्पीकर देतात, तो लूव्हरच्या अंगणात शिरलं की खरखरतो, कारण शेजारून आणखी चार गट चाललेले असतात. मला पाच मिनिटं स्पॅनिशमध्ये कुठल्यातरी राजाची माहिती मिळाली. तिसरी तक्रार स्वच्छतागृहाची: साडेतीन तासांत एकच थांबा आणि तोही कॉफी विकत घेतली तर. पन्नाशीपुढच्या बायकांनी हे वाचून ठेवावं.

मग पाँ दे आर हा पादचारी पूल. कुलपांचा पूल म्हणून हाच प्रसिद्ध होता. २०१४ मध्ये कठड्याचा एक भाग कुलपांच्या भाराने कोसळला, पुढच्या वर्षी पालिकेने सगळी काढली, वजन भरलं ४५ टनांच्या घरात. आता काचा लावल्या आहेत. पुलावरून डावीकडे बेट दिसतं, त्यावर सेंत-शापेल चर्चचा सुळका, आणि त्याच आवारात जुनं न्यायालय. मार्गदर्शक म्हणाला की १८५७ मध्ये तिथे एकाच वर्षात कादंबरीकार फ्लोबेर आणि कवी बोदलेअर या दोघांवर नीतिमत्तेचा खटला भरला. सरकारी वकील दोन्हीकडे एकच, एर्नेस्त पिनार. फ्लोबेर सुटला. बोदलेअरला ३०० फ्रँक दंड आणि सहा कविता काढून टाकायचा हुकूम.

इथे तो मोकळा सुटला असता, पण मी वकील. फ्लोबेर का सुटला? कारण त्याच्याकडे सेनार होता, १८४८ मध्ये राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष राहिलेला बडा वकील. सुटका झाल्यावर फ्लोबेरने खटल्यातली ‘मादाम बोव्हारी’ ही कादंबरी त्यालाच अर्पण केली. (मला एकतीस वर्षांत एका अशिलाने हापूसची पेटी दिली, तीही निकालाआधी, म्हणून परत केली.) आणि खटला मुळात का भरला? ‘मादाम बोव्हारी’ ज्या नियतकालिकात क्रमशः येत होती ते सरकारच्या डोळ्यात आधीपासून खुपत होतं, उदारमतवादी, ताकीद मिळालेलं. पुढच्याच वर्षी ते बंद पाडलं. नायिका एम्मा बोव्हारीच्या अनैतिकतेपेक्षा संपादकांचं राजकारण जास्त गुन्हेगार होतं. बोदलेअरच्या सहा कवितांतल्या दोन बायकाबायकांच्या प्रेमावरच्या. सहाही कवितांवरची बंदी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने उठवली ती ३१ मे १९४९ ला. कवी १८६७ मध्येच गेला होता. आपल्याकडे दिवाणी दाव्याला तीन पिढ्या लागतात म्हणून हसतात, त्यांना ही तारीख सांगा.

पुलावर मला र. धों. कर्वे आठवले. गणित शिकायला ते याच शहरात आले होते, फ्रेंच त्यांना चांगलं येई. परत जाऊन १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक काढलं आणि अश्लीलतेच्या खटल्यांत सापडले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील बाबासाहेब आंबेडकर होते. तो खटला हरले. सेनारसारखा वकील मिळूनही निकाल फिरत नाही तो असा. भाचीला कर्वे माहीत नव्हते, मार्गदर्शकाला अर्थातच नव्हते. मी दोघांनाही सांगितले, पुलावरच, दोन मिनिटांत. त्याने वहीत नाव लिहून घेतलं.

नदी ओलांडली की कॅ मालाके, घर नंबर १९. इथे वरच्या मजल्यावर जॉर्ज सॅंड राहत असे, पुरुषी टोपणनावाने लिहिणारी लेखिका. तिच्यावर वीस मिनिटं दिली आणि ती सत्कारणी लागली. जन्म १८०४, म्हणजे ज्या वर्षी बायकोने आज्ञा पाळायचा कायदा आला त्याच वर्षी. क्रांतीने १७९२ मध्ये घटस्फोट दिला होता, परस्परसंमतीनेसुद्धा. राजेशाही परतली आणि १८१६ मध्ये तो काढून घेतला, १८८४ पर्यंत. त्यामुळे सॅंडला मिळू शकत होतं ते फक्त ज्युडिशिअल सेपरेशन: वेगळं राहा, पुन्हा लग्न नाही. तिने १८३५-३६ मध्ये ला शात्रच्या न्यायालयात ते मिळवलं, नोआं गावचं स्वतःचं घरही मिळवलं. वकील मिशेल द बूर्ज. कट्टर प्रजासत्ताकवादी, त्याच काळात बंडखोर कामगारांचे खटले लढवणारा, आणि या अशिलाचा प्रियकर. मार्गदर्शक म्हणाला, त्याने तिला राजकारण शिकवलं. मी म्हटलं, आमच्याकडे बार कौन्सिलने सनद काढून घेतली असती. या वेळी गट माझ्या बाजूने हसला.

परस्परसंमतीचा घटस्फोट फ्रान्समध्ये परत आला १९७५ मध्ये. आपल्या हिंदू विवाह कायद्यात १३-ब आलं १९७६ मध्ये. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो खरंच थबकला. नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं उघडायचा हक्क फ्रेंच बायकांना १९६५ मध्ये मिळाला, हे त्याने सांगितल्यावर मी थबकले. फिटंफाट.

पुढे ऑस्कर वाइल्ड जिथे वारला ते हॉटेल, मग रस्ता झाकोब नंबर २०, जिथे लेखिका नातली बार्नीच्या शुक्रवारच्या साहित्यिक बैठका भरत. दार बंद, बघायला काही नाही, दोन मिनिटांत आटपलं. एवढं एक कळलं की फ्रान्सने समलिंगी संबंध १७९१ मध्येच गुन्ह्यांच्या यादीतून काढले होते, म्हणून वाइल्डसारखे लोक लंडनहून पळून इथे येत.

शेवटचा तास साँ-जेर्मँ, लेखकांच्या कॉफीघरांची वस्ती, आणि सहलीचा सगळ्यात कच्चा भाग. तत्त्वज्ञ सार्त्र आणि सिमोन द बोव्हुआर, त्यांचं लग्नाशिवायचं नातं, कॉफीघरातली टेबलं. सगळं गुलाबी. बोव्हुआरचं ‘द सेकंड सेक्स’ १९४९ चं, व्हॅटिकनने बंदीच्या यादीत घातलेलं, १९७१ मध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी ३४३ बायकांनी सह्या करून “आम्हीही केला” असं जाहीर केलं त्यातली ती एक, हे सगळं सांगितलं. तिथे मान झुकते. पण १९४३ मध्ये एका विद्यार्थिनीच्या आईच्या तक्रारीवरून तिची शिक्षिकेची नोकरी गेली होती, ते नाही सांगितलं. १९७७ मध्ये अल्पवयीन मुलांशी लैंगिक वर्तन केलेल्या तिघांच्या बाजूने ‘ल मोंद’मध्ये पत्र आलं, त्यावर या दोघांच्या सह्या होत्या, तेही नाही. मी विचारलं. तो म्हणाला, लिहून दिलेल्या संहितेत ते नाही.

मी पोक्सोच्या केसेसमध्ये मुलींचे जबाब ऐकले आहेत. मग मला ते टेबल बघून कॉफी प्यावीशी वाटली नाही. २०२० मध्ये व्हनेसा स्प्रिंगोराने स्वतःच्या लहानपणी एका नावाजलेल्या लेखकाने काय केलं ते लिहिलं आणि पुढच्या वर्षी फ्रान्सला संमतीची पंधरा वर्षांची रेषा कायद्यात आखावी लागली. प्रेम, साहित्य आणि राजकारण या विषयावर याहून जवळचा थांबा कुठला? आणि ते सांगायला कुठे चालायचीही गरज नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. पाले-रॉयाल आणि सॅंड यांचे पूर्ण, साँ-जेर्मँचा एक कापला, स्पीकरचा अर्धा. सकाळची सहल घ्या, दुपारी बोळात गर्दी होते म्हणतात. चपला नकोत, दगडी फरसबंदी आहे, बूटच. प्रश्न विचारा; हा मुलगा विचारल्यावर चांगला बोलतो.

महिन्याभराने भाची ऑफिसच्या मैत्रिणींना घेऊन पुन्हा त्याच सहलीला गेली. मार्गदर्शक तोच. सॅं-रॉकच्या बोळात त्याने आता सुरुवात स्पिट्सबर्गेनच्या जहाजापासून केली, मग तुरुंग, आणि ह्यूगो शेवटी. हसू मात्र त्याच जागी आलं, म्हणाली.